आधी दंडघेर मोजायला शिका, मग परदेशी जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुण्यातल्या महाविद्यालयांत परदेशी सेवाकार्याची माहितीपत्रकं फिरू लागतात. आफ्रिकेतले मलावी, केनिया, युगांडा, दोन-तीन आठवडे, काम ‘कुपोषित मुलांना जेवू घालणे’. जाणाऱ्यांच्या मनात कळकळ असते, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण पातेल्याशी उभं राहून वाढणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि त्याला तिथल्या बायका पुरून उरतात. हात कमी पडतात ते नीट मोजायला आणि नीट लिहायला. ते इथूनच शिकून जायला हवं, म्हणून हे पत्र.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’. ११५ ते १२५च्या आत असेल तर मध्यम, म्हणजे ‘मॅम’. दोन्हींच्या मध्ये जेमतेम एक सेंटिमीटर. टेप किंचित आवळली गेली तरी दोन-तीन मिलिमीटर सहज कमी भरतात आणि टेपेवर मुलाचा रंग पिवळ्याचा (मध्यम) लाल (तीव्र) होतो. सैल राहिली तर उपचाराची गरज असलेलं मूल घरी परत जातं. रीत अशी आहे: डावा हात कोपरात काटकोनात वाकवायचा, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत अंतर मोजायचं, बरोबर मध्यावर पेनाने खूण करायची. मग हात सैल खाली सोडायचा आणि त्या खुणेवर टेप लावायची. कातडी चुणली तर टेप घट्ट आहे, टेपेखाली फट दिसली तर सैल आहे. नवे लोक मध्य नजरेनेच ठरवतात, किंवा बाही गुंडाळून वर सारतात. गुंडाळलेली बाही दंडाला काचते आणि माप बिघडते. मूल रडत असेल, हात ताठ धरला असेल, तर थांबावं. त्याला आईच्या मांडीवर बसवून दोन मिनिटांनी मोजलं तरी काही बिघडत नाही.

वजनाचं तसंच. ताणकाट्याला आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, मग मूल बसवायचं. रोज सकाळी पाच किलोचं माहीत असलेलं वजन लावून काटा तपासायचा, कारण खडखडत्या रस्त्यावरून गाडीत आलेला काटा हमखास हललेला असतो. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं निजवून मोजतात, त्यावरच्याची उभं करून. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून कशी मोजली हे लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही. लांबी मोजायच्या फळीवर दोघं लागतात: एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून पावलांना सरकती फळी टेकवायची. जन्मतारीख माहीत नसेल तर वय अंदाजाने न टाकता पाऊस, मक्याची काढणी, सण, मोठा पूर अशा गावाच्या आठवणींवरून महिना काढायचा. वह्यांमध्ये १२, २४ आणि ३६ महिन्यांची मुलंच जास्त दिसू लागली, किंवा वजनं सगळी पूर्ण आणि अर्ध्या किलोतच संपू लागली, तर मोजणारा अंदाजपंचे लिहीत आहे हे ओळखावं.

हे सगळं पुण्यात शिकता येतं. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन एखाद्या अंगणवाडीत महिन्याच्या वजनाच्या दिवशी मदतनीस म्हणून बसावं. मग दहा मुलांची मापं घ्यावीत आणि पहिला कागद बाजूला ठेवून त्याच दहा मुलांची पुन्हा घ्यावीत. दोन्ही मापं जुळू लागेपर्यंत तिकीट काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता सूज. दोन्ही पावलांवर अंगठे ठेवून तीन सेकंद दाबायचं. दोन्हीकडे खळगा राहिला तर दंडघेर कितीही असो, ते मूल तीव्र कुपोषित. असं मूल वरवर गुटगुटीत दिसतं, म्हणून पाहुण्याची नजर हमखास फसते. सूज येणाऱ्या या कुपोषणाला क्वाशिओरकोर म्हणतात. हा शब्द घानातल्या गा भाषेतला. डॉ. सिसेली विल्यम्स यांनी १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो वापरला आणि तो जगभर गेला. पाठचं भावंड आलं की अंगावरचं दूध तुटलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय. मलावीत हा प्रकार बराच दिसतो. यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी: उपचार लागू पडला की सूज उतरते आणि पहिल्या आठवड्यात वजन कमी होतं. नवखा स्वयंसेवक घाबरतो, आईला वाटतं मूल खंगतंय, आणि कधीकधी ती मुलाला घेऊन निघून जाते. वजन घटणार हे तिला आधीच सांगून ठेवावं लागतं.

सगळ्यात जास्त काळजी भरवण्याची. फार दिवस उपाशी असलेल्या मुलाला पोटभर खायला घालणं प्राणावर बेतू शकतं. त्याच्या शरीराने सगळी कामं मंद केलेली असतात. एकदम साखर-पिठाचा भार आला की रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस पेशींत ओढलं जातं, हृदय थकतं. म्हणून रुग्णालयात दाखल झालेल्या मुलाला आधी ‘एफ-७५’ हे खास तयार केलेलं दूध देतात, १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी, किलोमागे दिवसाला १३० मिलिलिटर, दर दोन तासांनी, रात्रीही. रात्रीची पाळी चुकली तर साखर उतरते, अंग गार पडतं. मूल स्थिरावल्यावरच ‘एफ-१००’ हे जास्त कॅलरींचं दूध किंवा शेंगदाण्याची तयार पेस्ट सुरू होते. लोहाचं औषधसुद्धा पहिल्या टप्प्यात देत नाहीत. पुण्याहून नेलेले लाडू, बिस्किटं, चॉकलेटं अशा मुलाच्या हातावर ठेवू नयेत, ही आमची हात जोडून विनंती आहे.

ती पेस्ट १९९०च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झाली आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि इतर संयुक्त राष्ट्र संस्थांनी मिळून गुंतागुंत नसलेल्या मुलांवर घरीच उपचार करायला मान्यता दिली. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजं. ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी. पाणी नसल्यामुळे ती सहज नासत नाही. देण्याआधी भुकेची चाचणी होते: शांत जागा, धुतलेले हात, प्यायला स्वच्छ पाणी, आणि मूल आपणहून खातंय का ते बघणं. इथे हौशी माणूस घात करतो. कौतुकाने चाटवतो, तोंडात कोंबतो, ‘खाल्लं!’ म्हणून शिक्का मारतो. न खाणारं मूल आतून आजारी असतं, त्याला दवाखान्यातच पाठवायचं असतं. कोंबून ती खूण पुसली जाते. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ पासूनचा हिशेब दिवसाला किलोमागे १५० ते १८५ कॅलरींचा. सहा किलोच्या मुलाला रोज सुमारे दोन पाकिटं, आठवड्याला साधारण १४. घरात तीन भावंडं भुकेली असतील तर ही पाकिटं वाटली जाणारच, त्यात आईचा दोष नाही. रिकामी पाकिटं परत मागवणं आणि घराला वेगळा शिधा मिळतो का हे पाहणं, एवढंच हातात असतं.

दुधाची पावडर आणि बाटल्या नेऊ नका. गढूळ पाण्यात कालवलेली पावडर जुलाब देते, अंगावरचं दूध आटतं, आणि तुम्ही परत आल्यावर डबा संपलेला असतो. याचसाठी १९८१ मध्ये आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांबद्दल आंतरराष्ट्रीय संहिता झाली, आपल्याकडे त्याच विषयावरचा १९९२चा कायदा आहे.

सहा महिन्यांनंतरच्या वरच्या अन्नात तिथला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. मक्याची पातळ लापशी म्हणजे आपली पातळ पेज: पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. चमचा तिरका केला तर ओघळू नये इतकी घट्ट हवी, त्यात चमचाभर तेल (सुमारे ४५ कॅलरी), कुटलेले शेंगदाणे किंवा वाळवलेल्या छोट्या माशांची पूड. मलावीत मका-सोयाच्या पिठाची ‘लिकुनी फाला’ घरोघरी माहीत आहे. तीच शिकवा, आपलं नाचणीसत्त्व तिथे शोधू नका. शेंगदाणे बुरशी आलेले, कडवट, सुरकुतलेले असतील तर निवडून फेकायला लावा, कारण त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजूनही पूर्ण जात नाही.

वेळेचंही बघा. मलावीत टंचाईचे महिने साधारण डिसेंबर ते मार्च, काढणी एप्रिलपासून. आपली मे महिन्याची सुट्टी नेमकी धान्य घरात आल्यावर येते, तेव्हा केंद्रावरची गर्दी ओसरलेली असते. त्या दिवसांत काटे तपासणं, कोठारातल्या खोक्यांवरच्या तारखा लावणं, जुन्या वह्या नीट करणं ही कामं करावीत. एका मुलाच्या पूर्ण उपचाराला सहा-आठ आठवडे आणि साधारण १५० पाकिटांचं एक खोकं लागतं, म्हणजे तीन आठवड्यांच्या पाहुण्याला एकही मूल बरं होताना शेवटपर्यंत दिसत नाही. ज्याच्याकडे दोनच आठवडे आहेत आणि परिचर्या, साठा किंवा नोंदींचं कौशल्य नाही, त्याने तिकिटाचे पैसे अशा खोक्यांसाठी पाठवावेत. तीन महिने देता येत असतील तर जरूर जावं. लसी आणि हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना महिना-दीड महिना आधी विचारावं, पिवळ्या तापाची लस जिथे लागते तिथे ती निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिथल्या आरोग्यसेविकेशेजारी बसून वही पुरी करा: प्रत्येक मुलाचं नाव, वस्ती, शेवटचा दंडघेर, सूज आहे की नाही, पुढची तारीख. हे तिच्या भाषेत आणि तिच्या अक्षरात लिहिलेलं असावं, आपल्या लॅपटॉपवर नव्हे. ठरल्या दिवशी जी मुलं आली नाहीत त्यांची यादी वेगळ्या पानावर, सगळ्यात वर.

कळावे,
बालपोषणाच्या कामातले काही कार्यकर्ते, पुणे