पैलवानाच्या खिशातली नोटीस

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,

कादंबरीची प्रकरणं मिळाली आणि एका बैठकीत वाचून काढली. आखाडा फक्कड उतरलाय. तांबड्या मातीत हळद, ताक, तेल कालवण्याचा तुकडा आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या वस्तादांना वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "लिंबू राहिलं की रे!" तेवढं घाल.

पण तुझा पैलवान काही पटला नाही. खानापूरपासून निपाणीपर्यंत अशी जत्रा नाही जिथं त्यानं समोरच्याला अस्मान दाखवलं नाही. वर सत्यवचनी, निर्व्यसनी, गोरगरिबांचा कैवारी. आपल्याकडं शिवजयंतीच्या चित्ररथावर पोरं तलवार उपसून रात्रभर ट्रॉलीत उभी असतात ना, तसा हा पानोपानी उभा आहे. चित्ररथावर ते शोभतं. तिथं चिकटवलेल्या दाढीखाली खाज सुटली तरी पोरानं हलायचं नाही. मला कादंबरीत नेमकी ती खाज बघायची आहे.

तुलाही कुठंतरी हे खटकलं असणार, म्हणून तू त्याचा डावा गुडघा अधू केलास. त्यानं भागत नाही. सुपरमॅन कॉमिकमध्ये आला 1938 साली. क्रिप्टोनाइट आलं 1943 मध्ये, तेही रेडिओ मालिकेतून. दगड जवळ आणला की गडी आडवा. गोष्ट पुढं ढकलायला सोय झाली खरी, पण त्या दगडात त्याचा स्वतःचा काय दोष? गुडघ्याचंही तेच. शेवटच्या कुस्तीत शत्रू तिथंच धरणार, हे मला दुसऱ्या प्रकरणात कळलं.

त्यापेक्षा धर्मराजाकडं बघ. त्याला द्यूताची आवड आहे पण खेळता येत नाही, हे शकुनी आधीच हेरून दुर्योधनाला सांगतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. मला चटका लावतो तो वनपर्वातला प्रसंग. भीम टाकून बोलतो, तेव्हा युधिष्ठिर कबूल करतो की दुर्योधनाचं राज्य जिंकून घ्यावं म्हणूनच आपण फासे हातात घेतले. म्हणजे आमंत्रण आलं, नकार देता येईना, एवढंच नव्हतं. मनात हावही होती. धर्मराजाच्या! आणि पुढं अज्ञातवासात विराटाकडं हा कोण म्हणून राहतो? राजाबरोबर द्यूत खेळणारा कंक. मधल्या काळात बृहदश्व ऋषींकडून फाशांची विद्या शिकला होता म्हणा. तरी ज्या खेळात बायको पणाला लावली, तोच खेळ पोटापाण्याला? हे वाचलं की हा देवबिव कुणी नाही, आपल्या गल्लीतला माणूस आहे असं वाटतं.

आता तुझ्या पैलवानाचं. बोट निखळलेलं असताना पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि हा पंचांचा हात झिडकारतो, ते प्रकरण तुझं सगळ्यात चांगलं. तो हट्टच धर, दुसरं काही बाहेरून आणू नकोस. दारू तर मुळीच नको. नायकाला दोष हवा म्हटलं की जो तो बाटलीच आणून ठेवतो.

मी असं बघतो: रस्त्यात जमीन जाणार म्हणून नोटीस येते, कन्नडमध्ये. बोलायला हा फाडफाड कन्नड बोलतो, धारवाड-गदगच्या मल्लांशी निम्मं आयुष्य गेलंय. वाचता मात्र येत नाही. मराठी शाळा, तीही तालमीपायी अर्ध्यात सोडलेली. शिपाई विचारतो, समजलं का? हा म्हणतो, "गोत्तैती री," म्हणजे ठाऊक आहे हो, आणि कागदाची चौघडी करून सदऱ्याच्या खिशात घालतो. शेजारी कन्नड शाळेचे मास्तर राहतात. याला आप्पा म्हणतात, याच्या कुस्तीला पहिल्या रांगेत बसतात. दोन मिनिटांत वाचून दाखवतील. पण आप्पांनी मास्तरांच्या दारात कागद घेऊन उभं राहायचं? एकदा तो जातोसुद्धा, चहा पितो, पावसापाण्याचं बोलतो आणि परत येतो. कागद घामानं मऊ पडतो, घडीवर फाटायला लागतो. हरकत नोंदवायची मुदत निघून जाते. जमीन धाकट्या भावाच्याही नावावर आहे, हे तू आधीच लिहून ठेवलंयस; मग त्याच्या बायकोनं काय बोलायचं ते तिला बोलू दे, मध्ये पडू नकोस.

इथं एक पथ्य पाळ. सीमाभागातला कागदाचा प्रश्न खरा आहे, तुला-मला सांगायला नको. पण सगळं खापर त्याच्यावर फोडलंस तर पैलवान पुन्हा बिचारा आणि निर्दोष. मास्तरांना भला माणूसच ठेव. तोंड उघडलं नाही ते पैलवानानं.

आणि त्याला दुबळा करू नकोस हं. त्याच आठवड्यात त्याला एक मैदान मारू दे, निकाली. हलगी वाजत असताना, खांद्यावर घेऊन नाचवत असताना, कागद काढून ठेवलेल्या सदऱ्यात असू दे.

कारखान्याच्या चेअरमनचं प्रकरण तसंच राहू दे. गडगंज माणूस, पण बापाचा फोन आला की खुर्चीतून उठून बोलतो, हे झकास जमलंय. फक्त त्याचे ते पांढरे बूट काढ. तुझ्या प्रत्येक चेअरमनला तू तेच घालतोस.

पुढची प्रकरणं टायपिंगला देण्याआधी पाठव.

तुझाच,
शहापूरचा दोस्त