बाबा, पट मांडून बसा

सोलापूर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन लागेना म्हणून आई घाबरली होती, असं दादा म्हणाला. अगं, बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलमध्ये फोन वाजला तर डाव गेलाच, म्हणून बंद ठेवला होता. आणि बाबा, हा डाव फोनवर सांगण्यासारखा नाहीच. पट मांडून बसा.

समोर तुमच्याच वयाचे काका होते. आधी गिरणीत, ती बंद पडल्यावर घरचे यंत्रमाग. खेळी लिहिताना चष्मा कपाळावर, पटाकडे बघताना नाकावर. मधला डाव सोडा, वजिरावजिरी झाली, म्हणजे दोघांचेही वजीर मेले, घोडे-उंट गेले. उरलं काय, तर त्यांचा राजा, हत्ती नि एक प्यादं. माझा नुसता राजा आणि हत्ती. तुम्ही म्हणाला असता, "सोड आता, पोरी."

पण खरी गंमत इथंच आहे. माझा राजा प्याद्याची वाट अडवून बसलेला. हत्ती मी माझ्याकडून तिसऱ्या आडव्या ओळीत ठेवला आणि तिथंच इकडून तिकडे हलवत राहिले. त्यांच्या राजाला ती ओळ ओलांडता येईना. शेवटी त्यांनी प्यादंच त्या ओळीत सरकवलं. लगेच माझा हत्ती पार त्यांच्या टोकाला, आणि मागून शहावर शह! प्यादं पुढं गेल्यावर राजाला आडोसाच राहत नाही. फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूनं हे 1777 साली लिहून ठेवलंय. डाव बरोबरीत सुटला. काका हात मिळवत म्हणाले, "लई चिवट आहेस की!"

त्यांच्याकडे बघताना सारखं वाटत होतं, या खुर्चीत बाबा का नाहीत? आपला देशी खेळ, प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर, राजाला एकदा घोड्यासारखी उडी, तिथं आपलं काय काम, हे तुमचं नेहमीचं. अहो, सुलतान खान देशी पद्धतीनंच शिकला होता, आणि 1929, 1932, 1933 असा तीनदा ब्रिटनचा अजिंक्यवीर झाला. किल्लेकोट, म्हणजे राजा-हत्ती एकाच खेळीत हलवणं, तर तुम्हाला येतोच. घड्याळाचीही धास्ती नको. आम्हाला नव्वद मिनिटं होती, वर दर खेळीला तीस सेकंदांची भर. चहा गार होईपर्यंत विचार करायची तुमची सवय तिथं खपून जाईल.

पुढच्या स्पर्धेला तुमचं नाव घालतेय. नोंदणीसाठी जन्मतारखेचा पुरावा लागेल, दादाला फोटो काढून पाठवायला सांगा. आई, तूही ये. हॉलमध्ये बसून कंटाळशील, त्यापेक्षा आपण दोघी सिद्धेश्वराला जाऊन येऊ. लातूरहून सकाळची एसटी बरी पडेल की आदल्या दिवशीच येता, तेवढं कळवा.

तुमची,
धाकटी