काट मारलेल्या त्या पानासाठी

काका, सा. नमस्कार.

परवा रात्री गच्चीवर माझ्या प्रोजेक्टच्या रिसीव्हरचं रीडिंग घेतलं. जीपीएसचे सात आणि चीनच्या बेइदूचे पाच, असे बारा उपग्रह एकत्र घेतले आणि नकाशावरचा ठिपका बरोब्बर पाण्याच्या टाकीशेजारी आला, जिथे अँटेना ठेवला होता तिथेच. धावत खाली येऊन आईला सांगितलं, तर म्हणते, "टाकी कुठे आहे ते आपल्याला माहीतच होतं की!"

तिला काय सांगू? तीन महिने तो ठिपका शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बसत होता. नुसत्या जीपीएसवर ठीक, नुसत्या बेइदूवर ठीक, दोन्ही जोडले की घोळ. बेइदूचं घड्याळ जीपीएसच्या 14 सेकंद मागे असतं, ते मी धरलं होतं. त्यापुढे डोकं चालेना. ज्यांना हक्काने विचारायचं, त्या सरांनी "बाजारात तयार मॉड्यूल मिळतं, ते लाव आणि मोकळी हो" म्हणून वाटेला लावलं. स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. बरं, सॉफ्टवेअर रिसीव्हर, म्हणजे सिग्नलवरून जागा कोडने काढायची, हा विषय त्यांनीच मंजूर केलेला!

तुम्ही सगळा कोड वाचलात. चहावर साय धरली. मग काही न बोलता आत गेलात आणि जुनी वही घेऊन आलात. जीपीएस आणि रशियाच्या ग्लोनासची एकत्र गणितं, निळी शाई, आणि एका अख्ख्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट. "इथे मी महिनाभर अडकलो होतो," म्हणालात. त्या पानावर चारच अज्ञात होते: स्थानाचे तीन आणि रिसीव्हरच्या घड्याळाची चूक. माझ्या कोडमध्येही नेमके तेवढेच.

मग माझ्या कागदावर पेन्सिलीने पाचवा रकाना ओढलात, बेइदूसाठी वेगळी घड्याळाची चूक. जीपीएसच्या 1575.42 आणि बेइदूच्या 1561.098 मेगाहर्ट्झच्या सिग्नलांना आमच्या फ्रंट-एंडच्या, म्हणजे अँटेनामागच्या सर्किटच्या, फिल्टरमध्ये सारखाच उशीर होत नाही, त्यात दोन्हीकडची घड्याळंही नॅनोसेकंदांपर्यंत जुळत नाहीत. 100 नॅनोसेकंदांत सिग्नल 30 मीटर जातो. म्हणजे ते पार्किंग! बदल्यात एक उपग्रह जास्त लागतो, एवढंच.

पाचवा रकाना मला कधीतरी एखाद्या पुस्तकात सापडलाही असता. पण त्या दिवशी मी विषय बदलून मागायचा अर्ज लिहून तुमच्याकडे आले होते, तो बॅगेतच राहिला, तो त्या काटेमुळे. चुकलेलं पान इतकी वर्षं जपायचं आणि कालच्या पोरीसमोर उघडून ठेवायचं, याला मोठं मन लागतं हो.

आता युरोपचं गॅलिलिओ जोडतेय. ते जीपीएसच्याच 1575.42 वर आहे, त्यामुळे फिल्टरचा जाच कमी असेल, पण सहावा रकाना आधीच आखून ठेवलाय. रविवारी येते. या वेळी चहा गरम असतानाच प्या.