पारव्याचं रक्त, सुई आणि साडेचार तास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा परत तो मेसेज आला, लकव्याचा झटका आला की पेशंटला हलवू नका, दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, माणूस जागेवर बरा होतो. खाली हात जोडलेल्यांची ही रांग. मी विचारलं कुणी करून बघितलंय का, तर एक काका म्हणाले, टोचायला काय जातं?

१९८३ साली कसब्यातल्या आमच्या वाड्यात आजोबांच्या हातातून चहाची बशी पडली, तोंड वाकडं, उजवा हात लुळा. आजी म्हणाली अंगावरून वारं गेलं, आणि शेजारचे मामा सायकल काढून पारवा आणायला गेले. त्याचं गरम रक्त हातापायाला चोळून वर धोतराचं फडकं गुंडाळलं, रक्ताची ती पितळी वाटी आईने नंतर कधी वापरली नाही. डॉक्टरकडे नेलं संध्याकाळी. अर्थात तेव्हा लकव्यात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देत नव्हतेच, त्यामुळे मामांना तरी काय बोलणार.

आणि हे फक्त आपल्याकडेच असं नाही हां. अमेरिकेत विजेचे प्रयोग करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनकडे लोक लकव्याचे पेशंट आणायचे आणि तो काचेच्या बरण्यांत वीज साठवून लुळ्या हातापायाला शॉक द्यायचा, दिवसातून तीनदा! हात गरम व्हायचा, थोडा हलायचासुद्धा, पाचेक दिवस सगळे खूश. पण पुढे काही नाही, पेशंट कंटाळून घरी गेले की परत होतं तसंच. गंमत म्हणजे हे त्यानेच १७५७ मध्ये पत्रात लिहून ठेवलंय, की कायमचा फायदा झालेला मला एकही माहीत नाही. आपले फॉरवर्डवाले असं कधी लिहितील? पेशंटचं पुढे काय झालं ते कुणी सांगतच नाही.

काकांना उत्तर द्यायचं राहिलं ते इथे देतो, टोचण्यात वेळ जातो. आता ते इंजेक्शन आहे, पण लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसला नाही तरच, आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये साडेचार तास म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे.

तर विनंती एवढीच, राशिभविष्याच्या खाली रोज चार ओळी जागा द्या: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं की घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा. जागा नसेल तर आमच्या राशीचं भविष्य काढून टाकलंत तरी चालेल.

एक वाचक, कसबा पेठ, पुणे