पेटीमास्तर, ती खालची नावं वाचायला शिकवल्याबद्दल

मास्तर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण तुम्ही मला जे सांगितलंत ते गाण्याला जाणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

पणजीच्या कला अकादमीतल्या गाण्याच्या कार्यक्रमाचं पत्रक मी माझ्या औषधाच्या दुकानाच्या काचेवर चिकटवत होते. यातलं समोर बसून ऐकावं असं कोण, एवढंच मी विचारलं. तुम्ही गोळ्यांची पिशवी काउंटरवर ठेवलीत, चष्मा लावलात आणि पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या नावांवर बोट ठेवलंत. "आदीं हें वाच. तबल्यार कोण, पेटयेर कोण." मग अर्धा तास उभ्यानेच बोललात. गिऱ्हाइकंही ऐकत थांबली.

पहिलं नाव घेतलंत ते गायक पंडित उल्हास कशाळकरांचं, तेही तबल्याला पंडित सुरेश तळवलकर असतील तेव्हा चुकवू नको असं बजावून. राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांची तालीम, ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा ही तिन्ही घराणी एका गळ्यात, हे सगळं घरबसल्या वाचता येतं. पण समोर बसल्यावर कळलं की तुमचा भर साथीवर का होता. विलंबित तिलवाडा हा सोळा मात्रांचा ताल इतका संथ चालतो की नवख्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येणार याचा पत्ता लागत नाही. तळवलकर ठेका भरत राहतात, एक बोल जास्तीचा नाही. कशाळकर आलाप करता करता सहज मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलतात, आणि समेवर दोघांची मान एकदमच खाली येते. तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी आजींच्या तोंडून "आहा" निघालं आणि माझ्याही.

पेटीबद्दल, म्हणजे हार्मोनियमबद्दल, तर तुम्ही हातचं काही राखलं नाहीत. गवई पुढे कुठे जाणार ते पेटीवाल्याला आधी ठाऊक नसतं. त्याने सावलीसारखं मागे राहायचं, गवयाने श्वास घेतला की तेवढ्यापुरता सूर धरून ठेवायचा, तान संपता संपता तिचं टोक अलगद उचलायचं, आणि गवयाच्या पुढे एकदाही जायचं नाही. हे मी आता डोळ्यांनी बघते: उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर टेकून थांबलेली, डावा हात भाता हळूहळू दाबत असलेला, नजर गवयाच्या ओठांवर. बोरीच्या तुळशीदास बोरकरांनी ही साथ किती उंचीला नेली ते तुमच्याकडून ऐकलं होतं. त्यांचे शिष्य सुधीर नायक पेटीला असतील तर गायक कोण हे न विचारता मी तिकीट काढते.

गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांचं नाव घेताना तुमचा आवाज बदलला होता. केसरबाई केरकर आपल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर आपल्या कुर्डीच्या, दोघी जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या. मोगूबाईंकडून त्यांची लेक किशोरीताई आमोणकर, किशोरीताईंकडून माणिक भिडे आणि आईकडून अश्विनीताई, अशी वाट तुम्ही बोटांवर मोजून दाखवलीत. पेटीला सीमा शिरोडकर आणि तबल्याला विश्वनाथ शिरोडकर असले की ऐकच, असंही म्हणालात. ऐकलं, मास्तर. अनवट, म्हणजे क्वचितच गायला जाणारा, राग असूनही कुठे कोडं घातल्यासारखं वाटलं नाही.

केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, याचा मला फार अभिमान होता आणि आहे. पण ती ध्वनिमुद्रिका जेमतेम साडेतीन मिनिटांची, आणि बाई बैठकीत एकच राग किती वेळ मांडत असतील याचा विचार कर, असं तुम्ही म्हणालात. तेव्हापासून मोबाईलवर ऐकून कुणाबद्दल मत बनवणं मी सोडून दिलंय.

धारवाडच्या पंडित व्यंकटेश कुमारांबद्दल जास्त काय लिहू? गदगच्या आश्रमात पुट्टराज गवईंनी घडवलेला तो आवाज सभागृहात बसूनच घ्यावा. सोनिया शिरसाट यांचा फादो, म्हणजे पोर्तुगीज गाण्याचा प्रकार, तुम्ही सुचवाल असं मात्र वाटलं नव्हतं. पोर्तुगीज गिटाराच्या बारा तारा गळ्याला कशा उत्तर देतात ते बघ, तीही साथच, असं म्हणालात आणि ते अगदी खरं निघालं.

एका गोष्टीत मी तुमच्याशी सहमत नाही. नाट्यपदांच्या कार्यक्रमांना तुम्ही खालची पायरी देता. मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकीबुवांनी 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकाला चाली दिल्या आणि त्यांतूनच माझ्या वडिलांसारख्या कितीतरी माणसांच्या कानांवर राग पडले. बुवांचे शिष्य महेश काळे सगळ्या सभागृहाला गायला लावतात, तेव्हा शाळकरी मुलंही सूर शोधू लागतात. ते मला फार मोलाचं वाटतं. यावर आपण भांडूच.

श्रावणात वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाला तुमच्या शेजारी बसायचं आहे. आणि यंदाच्या केसरबाई समारोहाला माझ्या गाडीतून चला. परतीची कदंब बस चुकेल म्हणून शेवटच्या कलाकाराच्या आधी उठायला लागतं, ही तुमची खंत माझ्या लक्षात आहे. शेवटची भैरवी होईपर्यंत बसू. कितीही उशीर होवो, दारापर्यंत सोडेन.

मनापासून आभार.

तुमची,
वरच्या बाजारातली औषधवाली
फोंडा