एसएसडी टाकताना जुनी डिस्क आधी बाजूला काढा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून जो तो सांगतोय की जुना लॅपटॉप भंगारात द्या नि नवा घ्या. अहो पण सहा-सात वर्षांपूर्वीचे बरेच लॅपटॉप स्लो असतात ते प्रोसेसरमुळे नाही, आत ती ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क फिरत असते म्हणून, आणि तिच्या जागी साधी साटा एसएसडी (काही न फिरता चिपवर डेटा ठेवणारी डिस्क; साटा हा तिच्या जोडणीचा प्रकार) जरी टाकली तरी सेकंदाला शंभरेक एमबीवरून थेट पाचशेच्या आसपास स्पीड जातो, मशीन ओळखू येत नाही. बऱ्याच मॉडेलमधे एम.२ चा स्लॉट (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची खाच) रिकामाच असतो, फक्त तिथे साटा चालते का एनव्हीएमई (त्याहून वेगवान जोडणी) ते आधी बघा, दोन्ही दिसायला सारख्याच असतात आणि सगळे स्लॉट दोन्ही घेत नाहीत.

पण माझं पत्र त्याबद्दल नाही, त्यानंतर विंडोज टाकताना जे होतं त्याबद्दल आहे.

स्लॉटमधे नवी एसएसडी बसवली आणि जुनी हार्ड डिस्क तशीच आत ठेवली, पेनड्राइव्हवरून बूट केलं, एसएसडी सिलेक्ट केली, विंडोज इन्स्टॉल झाली, सगळं मस्त चाललं. आता गंमत अशी की जुन्या डिस्कवर आधीपासून ईएफआय पार्टिशन (लॅपटॉप सुरू होताना लागणाऱ्या फाईलींचा छोटा कप्पा) असेल तर इन्स्टॉलर बहुतेक वेळा तेच वापरतो, म्हणजे विंडोज एसएसडीवर आणि ती सुरू करणारी फाईल, म्हणजे बूटलोडर, मात्र जुन्या डिस्कवर! कोणाला कळतही नाही. मग कधीतरी ती म्हातारी डिस्क मरते किंवा कोणी काढून घेतं आणि स्क्रीनवर येतं की बूट डिव्हाइसच नाही. आमच्या शेजारच्या काकूंना एका दुकानात सरळ सांगितलं एसएसडी उडाली, नवी घ्या. एसएसडी ठणठणीत होती, बूटलोडर परत लिहिला आणि लॅपटॉप चालू झाला. हे दुकानदाराला माहीत नव्हतं की माहीत असून सांगितलं नाही, देव जाणे.

उपाय एकदम साधा आहे, विंडोज टाकताना जुन्या डिस्कचं कनेक्टर काढून ठेवायचं किंवा बायोसमधे (लॅपटॉप चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधे) तो पोर्ट बंद करायचा, एसएसडीची मोकळी जागा निवडून नेक्स्ट म्हणायचं, पार्टिशन इन्स्टॉलर स्वतःच पाडतो, आणि सगळं झाल्यावर मगच जुनी डिस्क परत जोडायची. आणि हो, डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर ते उघडायची ४८ आकडी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, बायोसमधे हात घातला की लॅपटॉप ती मागू शकतो. इंटेल प्रोसेसरच्या अकराव्या जनरेशनपासून पुढच्या काही मशीनवर तर इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही, ती खराब नसते, इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन लोड करावा लागतो एवढंच. लोक डिस्क परत करायला धावतात.

दुसरी गोष्ट पैशांची. ज्या लॅपटॉपबरोबर विंडोज ८ किंवा त्यानंतरची ओरिजिनल विंडोज आली असेल त्याची लायसन्स की (विंडोज ॲक्टिव्हेट करायचा कोड) बायोसमधेच असते, डिस्क बदलली तरी जात नाही, तीच एडिशन (होम किंवा प्रो) परत टाकली की नेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होते. तरीही लोक विंडोजचे वेगळे पैसे देतात आणि वर मिळते काय तर क्रॅक मारलेली कॉपी, जिच्यात अँटीव्हायरस आधीच बंद करून ठेवलेला असतो. त्याच लॅपटॉपवर मग बँकेचे व्यवहार!

आठव्या जनरेशनच्या आधीचा इंटेल असेल किंवा टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसेल तर विंडोज ११ ऑफिशियली चालत नाही हे खरं, पण तिथे लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) टाका की, फुकट आहे, मराठी टायपिंग होतं, ब्राउझर आणि ऑफिसचं काम आरामात निघतं. डिस्क काढून ठेवायचा नियम मात्र तिथेही पाळा, बूटलोडर भलत्या डिस्कवर जायचा घोळ लिनक्समधेही होतो.

आपल्या पेपरात मोबाईलच्या नव्या मॉडेलवर अर्धं पान येतं, त्यातला एक कॉलम कधीतरी या विषयाला द्या ही विनंती. आणि वाचकांनी दुकानातून एसएसडी घेताना बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून मागावा, चांगल्या एसएसडीला तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी असते आणि तो नंबर नसेल तर दुकानदार हात वर करायला मोकळा.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर