मोआची तारीख छापताना नक्की काय तपासलं तेही छापा

संपादक महोदय, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत न्यूझीलंडच्या मोआ या माणूस आल्यावर नामशेष झालेल्या पक्ष्यावरचा लेख वाचला. चित्रं मस्त होती. पण मुख्य लेखात माणूस तिथे हजार वर्षांपूर्वी पोचला असं दिलंय आणि बाजूच्या चौकटीत चक्क दोन हजार वर्षांपूर्वी, आणि दोन्हीकडे "कार्बन डेटिंगनुसार", म्हणजे अवशेषातल्या कार्बनवरून वय काढून, असं लिहून मोकळे. वाचकाने यातलं कुठलं धरायचं? खरं तर दोन्ही सोडून द्यायला हवेत, कारण आज बहुतेक संशोधक साधारण साडेसातशे वर्षांपूर्वीचा, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध मानतात, आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराय यादव होता त्या सुमाराचा.

तो दोन हजारचा आकडा आला कुठून, तर उंदरांवरून. १९९६ मध्ये संशोधक रिचर्ड होल्डवे यांनी किओरे नावाच्या पॅसिफिक उंदराच्या जुन्या हाडांच्या तारखा जाहीर केल्या, आणि उंदीर काही एवढा समुद्र पोहून येत नाही, तो माणसाच्या होडीतूनच आला असणार, म्हणजे उंदीर जितका जुना तितकी माणसाची पहिली फेरी जुनी. तर्क एकदम पक्का आहे. हाडं निघाली दोन हजार वर्षांच्या आसपासची आणि मग वाद सुरू झाला, कारण त्या काळातली ना चूल सापडत होती ना हत्यार. शेवटी संशोधक जॅनेट विल्म्सहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उंदरांनी कुरतडलेल्या बिया तपासल्या. बी एका हंगामात तयार होते, तिच्यावर दातांच्या खुणा साफ दिसतात, त्यामुळे बीची तारीख म्हणजे जवळपास उंदराचीच तारीख. शंभराहून जास्त बिया बघितल्या, कुरतडलेली एकही १२८० च्या आधीची नाही. पक्ष्यांनी फोडलेल्या किंवा शाबूत बिया मात्र त्याहून कितीतरी जुन्याही निघाल्या! शिवाय होल्डवेंची जुनी हाडं जिथून आली होती त्याच जागांवरची हाडं परत तपासली, तीही १२८० नंतरचीच. म्हणजे तर्क बरोबर होता, त्या पहिल्या तारखाच भरवशाच्या नव्हत्या. तुमच्या चौकटीत अजून त्याच फिरतायत.

आता कोळशाचं बघा. चुलीत कोळसा सापडला, लॅबने सांगितलं हजार वर्षं जुना, तर लोक समजतात चूल हजार वर्षांपूर्वी पेटली. पण तिकडे तोताराची झाडं शेकडो वर्षं उभी असतात, खोडाच्या आतल्या भागातला कार्बन तो भाग वाढला तेव्हाचा असतो, ते लाकूड कुणी तीनशे वर्षांनी चुलीत घातलं तर तारीख लाकडाची मिळते, स्वयंपाकाची नाही. समुद्री शिंपल्यांचं आणखी वेगळंच, समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो, त्यामुळे दुरुस्ती न करता वाचलं तर शिंपला चारेकशे वर्षांनी म्हातारा दिसतो. २०११ मध्ये विल्म्सहर्स्ट यांच्याच टीमने पूर्व पॉलिनेशियाच्या, म्हणजे न्यूझीलंड धरून पॅसिफिकमधल्या बेटांच्या, १४३४ कार्बन तारखा घेतल्या आणि कशावरून आल्या ते पाहून चाळल्या. बिया, बारीक काटक्या, पक्ष्यांच्या अंड्यांची टरफलं अशा अल्पायुषी वस्तूंवर भर दिल्यावर न्यूझीलंडची वस्ती १२३० ते १२८० च्या दरम्यान येऊन बसली.

मोआचं टरफल यासाठी फारच सोयीचं. न्यूझीलंडमधल्या वायराऊ बार या जुन्या वस्तीच्या जागी १९३९ मध्ये जिम आइल्स नावाच्या शाळकरी मुलाला एक दफन सापडलं, सोबत भोक पाडलेलं मोआचं अंडं. तिथल्या टरफलांच्या तारखा तेराव्या शतकाच्या शेवटापासून चौदाव्याच्या पूर्वार्धापर्यंत येतात. मोआ जमिनीवरची झाडपाने खाणारा, म्हणजे समुद्राची भानगड नाही, आणि अंडं काही तीनशे वर्षं जपून मग कुणी फोडून खात नाही. शिवाय न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर तारावेरा ज्वालामुखीची १३१४ च्या आगेमागेची राख पसरलीय, तिच्या खाली हत्यारं-चुली मिळत नाहीत. इतके वेगवेगळे पुरावे एकाच काळाकडे बोट दाखवतायत.

तारीख एवढी खेचून बसायचं कारण काय असं कुणी विचारेल. हजार वर्षांपूर्वी माणूस आला धरलं तर मोआ संपायला चार-पाचशे वर्षं लागली असं होतं, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता. पण तेराव्या शतकात आला धरलं तर मोआच्या नऊच्या नऊ जाती, त्यातल्या सगळ्यात मोठीची मादी अडीचशे किलोपर्यंतची, जेमतेम दीडशे वर्षांत खलास, पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत. तेही मूठभर लोकांकडून. आकडा बदलला की सगळी कहाणीच बदलते.

मादागास्करचंही असंच चाललंय, तिथल्या एलिफंट बर्ड या नामशेष महाकाय पक्ष्याच्या साडेदहा हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत असं २०१८ मध्ये जाहीर झालं. पण साडेदहा हजार हे वय हाडाचं, खुणेचं नव्हे, आणि त्याच वर्षी दुसऱ्या टीमने इतर हाडं तपासून माणूस तिथे फार उशिरा आला असं मांडलं. हा वाद मिटलेला नाही, तेव्हा यावर लेख काढलात तर हेडिंग जरा सांभाळून द्या.

माझी मागणी एवढीच की तारीख छापली की तपासलेली वस्तू काय होती आणि आकडा कॅलेंडर वर्षांत बसवलेला आहे की कच्चा, म्हणजे लॅबमधून आला तसाच, याची एक ओळ द्या, अर्धा इंच जागा लागेल. आमच्या तालुक्यातल्या पाटण्याचंच घ्या. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळींना तिथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं टरफल आणि टरफलाचे मणी मिळाले. एकेकाळी शहामृग आपल्याकडेही होते. बातम्यांत पंचवीस हजार वर्षं छापून येतं, ती टरफलाचीच तारीख, पण कच्ची, कॅलेंडरात बसवली की सुमारे एकोणतीस हजार होतात. यावर लेख काढलात तर दोन्ही आकडे द्या.

एक वाचक, चाळीसगाव